सोमवारच्या चाळीस ओळी

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला एकच प्रश्न विचारला. "आंब्याच्या दिवसांत तीन पाहुणे ठेवावे लागतील वरच्या खोलीत. चालेल?"

मी कराडकडची. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत पहिली नोकरी लागली होती आणि आठ दिवस मैत्रिणीच्या मावशीकडे काढून झाले होते. बंदराच्या वरच्या चढावरचं ते चिऱ्याचं घर, वरची हवेशीर खोली, खिडकीतून दिसणाऱ्या होड्या, हे सोडवत नव्हतं. पण तीन अनोळखी माणसं? मी चाचरत विचारलं, "पाहुणे म्हणजे... बायका आहेत का?"

मागे दारात उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोने ओढणी तोंडाला लावली. घरमालक मात्र खरोखर विचारात पडले. "एक आहे तशी बाईसारखी. अंगावरचं कापड काढलेलं तिला चालत नाय. दुसरा सुभेदार. तापतो लगेच, पण मनाचा वाईट नाय."

"कॉम्प्युटर आहेत गो ते, कॉम्प्युटर!" बायकोला राहवेना. "ह्यांचं काय ऐकतेस?"

मी खोली घेतली. पहिल्या आठवड्यातच ते माझे चाचा झाले आणि ती चाची.

चाचा मूळचे दाभोळचे. तरुणपणी जहाजांवर वायरलेस ऑफिसर होते. पुढे जहाजांना वायरलेसवाल्याची गरज उरली नाही, तेव्हा आखातात एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायला लागले. तिथे ऑफिसातून भंगारात निघालेलं एकेक यंत्र त्यांनी सुट्टीला येताना घरी आणलं. "लोकांचे नवरे ब्लँकेट आणायचे, अत्तर आणायचे," चाची सांगायची. "हे पण ब्लँकेट आणायचे. उघडून बघावं तर आत कॉम्प्युटर."

घराच्या मागच्या अंगाला आंबे पिकवायची खोली होती. वर्षाचे नऊ-दहा महिने तिथे फळ्यांवर ही यंत्रं मांडलेली असायची. कपाटाएवढं एक, साबणाच्या वडीएवढं एक, आणि मधल्या सगळ्या मापांची. एप्रिल आला की भाताचा पेंढा आत जायचा आणि यंत्रं बाहेर. त्यातली नाजूक तीन माझ्या वाट्याला यायची. तिथे काढलेले दोन्ही उन्हाळे मी सुभेदाराच्या घरघरीत झोपले.

इतकी यंत्रं कशाला, हे मला समजायला थोडे दिवस लागले. मी इंजिनिअर होते, पण चाचा जे करत होते ते कॉलेजात कोणी दाखवलं नव्हतं. प्रत्येक जातीच्या यंत्राच्या सवयी वेगळ्या. फाइल उघडायची रीत, वेळ मोजायची रीत, सगळंच निराळं. एका यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर नेला की अडतो. चाचांनी काय केलं, तर मध्ये बसणाऱ्या कोडचा एक संग्रह लिहिला. तुम्ही तुमचा प्रोग्रॅम लिहा, खाली यंत्र कुठलं का असेना, त्याच्या सवयी तो संग्रह सांभाळून घेईल. मोठं जहाज धक्क्याला लागत नसे तेव्हा त्याचा माल किनाऱ्यावर आणणाऱ्या होडीला पडाव म्हणत. चाचांनी संग्रहाचं नाव ठेवलं 'पडाव'. तो त्यांनी सगळ्या जगासाठी उघडा ठेवला होता. कोणीही घ्यावा, कोणीही सुधारून पाठवावा. वीस-बावीस वर्षांत बऱ्याच देशांतल्या लोकांनी त्यात ओळी घातल्या होत्या, आणि त्या सगळ्यांचा मेळ आमच्या आंब्याच्या खोलीत बसत होता.

चाचांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी खोडरबर. खाऱ्या हवेने यंत्रांतल्या जोडणीच्या पट्ट्या काळ्या पडत, त्या ते खोडरबराने घासत. त्यामुळे गल्लीतली पोरं त्यांना शाळामास्तर समजायची. यंत्रांची रोजची नोंद ते जहाजावरच्या वहीसारखी ठेवत. मी एकदा वाचली होती: "शुक्रवार. वारा नैऋत्येचा, जोरात. समुद्र खवळलेला. सुभेदार दोनदा बंद पडला, तिसऱ्यांदा शहाण्यासारखा वागला." पडावाची नवी आवृत्ती बाहेर सोडायची तर आधी भरतीची वेळ बघायची. "ओहोटीला काय सोडू नये," असं ते म्हणत, आणि हे थट्टेत की मनापासून, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

यंत्राला नावं ठेवलेली त्यांना खपत नसे. "हे मशीन मूर्ख आहे," असं मी एकदा चिडून म्हणाले. चाचांनी खोडरबर खाली ठेवलं. "मूर्ख नाय बाय. सवय वेगळी आहे त्याची. तू 'जेवलीस काय' ला 'जेवण केलं का' म्हणतेस, तर आम्ही तुला मूर्ख म्हटलं काय?"

एकदा परदेशातल्या कुणा इंजिनिअरचं फार उर्मट पत्र आलं. तुमच्या कोडमुळे आमचं काम अडलंय, आजच्या आज दुरुस्त करा. मी म्हटलं, उत्तरच देऊ नका. चाचांनी दुपारपर्यंत दुरुस्ती केली आणि लिहिलं: दुरुस्त झालंय, इथे हवा छान आहे, तुम्ही जेवलात का? दोन दिवसांनी उत्तर आलं, एका शब्दाचं: नाही. तो माणूस नंतर चाचांच्या पक्क्या मदतनीसांपैकी एक झाला.

आमची कंपनी मासळीच्या शीतगृहात तापमान नोंदवणारी यंत्रं बनवायची. माझं काम त्यातल्या पडद्यावरचे शब्द बदलायचं. 'चालू'च्या जागी 'सुरू', 'बंद'च्या जागी 'थांबवा'. वर्षभर मी तेवढंच केलं. एके दिवशी आमच्याच कोडमध्ये हिंडताना एका फाइलचं नाव दिसलं आणि मी उडालेच. आत पडाव होता! संध्याकाळी धावत घरी येऊन सांगितलं. चाचा हरखले. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या स्कूटीवर मागे बसून मिरजोळ्याला आले.

आमच्या साहेबांनी त्यांना यंत्र दाखवलं. चाचांनी त्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग विचारलं, "नावांचा कागद कुठे आहे?"

"कसला कागद?"

"हात लावणाऱ्यांची नावं. पडाव कोणीपण घ्या, फुकट घ्या. पण ज्यांनी ज्यांनी ओळी लिहिल्या त्यांची नावं सोबत द्यायची. लायसनात तसं लिहिलंय."

ती यादी कोणीतरी जागा वाचवायला काढून टाकली होती. साहेब ओशाळले. भरपाई, नोटीस असलं काहीतरी त्यांच्या डोळ्यांपुढे आलं असावं. ते चाचांना आत केबिनमध्ये चला म्हणाले. चाचा म्हणाले, "आत कशाला? प्रिंटर इथेच आहे ना?" यादी छापली गेली. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक यंत्राच्या खोक्यात ती घडी घालून जाऊ लागली. नाटे गावच्या एका मासळीवाल्याने फोन करून विचारलं होतं, ही एवढी माणसं यंत्र बसवायला येणार आहेत का म्हणून.

याच लायसनावरून पुढे सगळं बिनसलं.

पडाव सुरू केला तेव्हा चाचांनी वकिलाला न विचारता लायसन स्वतःच लिहिलं होतं. चार वाक्यं. वापरा. बदला आणि वाटा. नावं पुसू नका. आणि शेवटचं: हे वापरून कोणाला लुबाडू नका. वीस वर्षं कोणी हरकत घेतली नव्हती. पण पडाव ज्यांच्यामार्फत जगभर पोचायचा त्या एका मोठ्या मुक्त संचवाल्यांनी, म्हणजे असे उघडे प्रोग्रॅम एकत्र बांधून वाटणाऱ्या मंडळींनी, आपल्याकडची सगळी लायसनं तपासायला घेतली आणि चाचांना सभ्य पत्र आलं. शेवटचं वाक्य ही अट आहे. लुबाडलं की नाही हे ठरवणार कोण? अशी मोघम अट असलेला कोड आम्हाला ठेवता येत नाही. नेहमीचं लायसन घ्या, नाहीतर पुढच्या आवृत्तीत पडाव काढावा लागेल.

काढावा लागेल म्हणजे काय, ते चाचांना पुरतं माहीत होतं. पडावावर चालणारे शेकडो छोटे प्रोग्रॅम त्याच दिवशी अडणार. डोंगरातल्या एका गावात ग्रंथालयाची यादी जुन्या यंत्रावर चालवणारे एक गृहस्थ त्यांना दर ईदला शुभेच्छा पाठवत. "त्यांचं बंद पडणार," चाचा म्हणाले. पण वाक्य काढायलाही तयार होईनात. तीन दिवस नीट जेवले नाहीत. यंत्रांच्या वहीत फक्त वारा लिहिला.

"म्हणजे मी काय लिहून देऊ? लुबाडा म्हणून?"

मी समजावून पाहिलं. मला जमलं नाही. चाची पडवीत कोलंबी सोलत बसली होती. वर न बघता ती म्हणाली, "चोर तुमचा कागद वाचतो काय?"

चाचांनी नकारार्थी मान हलवली.

"नाय ना वाचत? मग वाचतो कोण? जो बिचारा सरळ आहे तो. त्यालाच तुम्ही दारात अडवून ठेवलायत."

चाचा उठून आंब्याच्या खोलीत गेले. अर्ध्या तासाने बाहेर आले आणि म्हणाले, "जेवायला वाढ."

पण लायसन बदलणं एकट्या चाचांच्या हातात नव्हतं. ज्याने ओळी लिहिल्या त्या ओळी त्याच्या. त्यामुळे प्रत्येकाची परवानगी हवी. सत्तावीस जण होते. संचवाल्यांनी तीन महिने दिले. मी सुचवलं, सगळ्यांना एकच पत्र टाकू. चाचांनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषय सोडला. त्यांनी सत्तावीस पत्रं वेगवेगळी लिहिली. कोणी कुठल्या वर्षी कुठली अडचण सोडवली होती, ते त्यात आठवणीने लिहिलं. एकाच्या तर तीनच ओळी होत्या. त्यालाही दीड पान गेलं.

उत्तरं येऊ लागली. तीन ओळीवाल्याने लिहिलं, मी हे केलं होतं हे मीच विसरलो होतो, तुमचं पत्र माझ्या नातवाला वाचून दाखवलं. एकाने आधी नकार दिला. मी त्या शेवटच्या वाक्यासाठीच तुमच्यात आलो होतो, म्हणाला. चाचांनी त्याला चाचीचा मुद्दा कळवला. त्याने परवानगी धाडली आणि खाली लिहिलं, बाईंना सलाम. एक जण वारला होता. त्याच्या मुलीने परवानगी दिली आणि आभारही मानले, कारण बाबांनी केलेलं असं काही अजून चालू आहे हे त्या घरात कोणाला माहीतच नव्हतं. त्या दिवशी चाचांनी संध्याकाळची नमाज झाल्यावर त्याच्यासाठी दुवा मागितली.

अडीच महिन्यांत सव्वीस झाले. राहिला एक. त्याने नावाच्या जागी फक्त 'मंडे' लिहिलं होतं. पंधरा वर्षांपूर्वी चाळीस ओळी पाठवल्या आणि पुन्हा कधी दिसला नाही. पत्ता बंद होता. चाचांनी ओळखीपाळखीच्या सगळ्या मंडळींत विचारलं. घरात दुसरा विषय नव्हता. मी बाजारातून येताना दिसले की चाची विचारायची, "सोमवार सापडला काय गो?" आणि शेजारीण म्हणायची, "अगो, आज बुधवार आहे."

मुदतीला दहा दिवस उरले तेव्हा चाचा म्हणाले, "त्याच्या ओळी काढायच्या. तेच काम करणाऱ्या नव्या लिहायच्या."

"मग लिहा की."

"मी कसा लिहू? पंधरा वर्षं त्या वाचतोय. माझ्या हातून त्याच उतरतील, आणि ती चोरी झाली. ज्याने त्या कधी बघितल्या नाहीत, त्यानेच लिहायला पाहिजे." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू बघितल्यास?"

नव्हत्या बघितल्या. मला धडकीच भरली. पडद्यावर 'सुरू' आणि 'थांबवा' लिहिणारी मी, माझ्या ओळी जगभरच्या यंत्रांत जाणार? मी म्हटलं, "चाचा, मला नाही जमणार." ते म्हणाले, "रविवारी सकाळी नऊला."

रविवारी मला माजघरात बसवलं. चाचा बाहेर पडवीत. मध्ये पडदा, म्हणजे चुकूनही त्यांच्या हातातला जुन्या ओळींचा कागद मला दिसायला नको. नियम असा की काय व्हायला पाहिजे ते त्यांनी सांगायचं, कसं करायचं ते नाही. चाचीला पंच म्हणून उंबऱ्यावर बसवलं.

"यंत्राला सांगायचंय, इतका वेळ थांब," पडद्यापलीकडून आवाज आला. "सोपं आहे. पण काही यंत्रांची झोप सावध. मध्येच कोणी हाक मारली की उठतात, आणि वेळ झाली समजून कामाला लागतात. तसं होता कामा नये."

"म्हणजे उठवलं तर किती झोप राहिली ते बघायचं आणि परत झोपायचं?"

"बरोबर! आणि ते बघायला तू त्या..."

"सांगितलंत!" चाची ओरडली. "कसं ते सांगत होता तुम्ही!"

"नाय, नाय. तोंड बंद."

दुपारपर्यंत हे चाललं. चाचांना गप्प बसणं इतकं जड गेलं की ते अधूनमधून उठून अंगणात फेऱ्या मारत. मी लिहायची, खोडायची. एकदा यंत्र झोपलं ते उठेचना. एकदा झोपायलाच तयार होईना. चाचीने मध्ये जेवण वाढलं, तेही पडद्याच्या दोन बाजूंना. तीनच्या सुमाराला माझ्या तेहतीस ओळी झाल्या.

मग परीक्षा. आंब्याच्या खोलीतली सगळी यंत्रं चाचांनी चालू केली. प्रत्येकाला अर्धं मिनिट झोपवायचं आणि मध्ये चार-पाच वेळा उठवायचं. साबणाची वडी पास झाली, कापडवाली पास झाली. शेवटी सुभेदार. चाचा हातात घड्याळ धरून उभे. अठ्ठावीस, एकोणतीस... तिसाव्या सेकंदाला सुभेदाराने पडद्यावर एक टिंब काढलं. चाचांनी दोन्ही हात वर केले आणि इतक्या जोरात ओरडले की शेजारीण साप निघाला समजून काठी घेऊन आली.

पडाव नव्या लायसनाखाली मुदतीच्या चार दिवस आधी बाहेर पडला. संचवाल्यांनी ठेवून घेतला. नावांच्या यादीत 'मंडे' होतं त्या जागी माझं पूर्ण नाव आलं, आईच्या नावासकट, कारण तसं मी मागून घेतलं होतं.

महिन्याभराने सकाळी मी कामाला निघत होते आणि खालून हाक आली. "बाय! बाय गो! सोमवार आली!"

आली? मी जिना उतरले. चाचा पडवीत उभे, हातात छापलेलं पत्र. मंडे ही बाई होती. दूरच्या एका बेटावर शाळेत शिकवत होती. तिला सोमवारी सुट्टी असे आणि हे काम ती सोमवारीच करायची, म्हणून ते नाव. पत्ता बदलल्यामुळे काही कळलं नव्हतं. नवी आवृत्ती उघडली तेव्हा आपल्या ओळी गेलेल्या दिसल्या. परवानगी ती आनंदाने देत होती.

"आणि तुम्ही एवढे दिवस 'तो सोमवार, तो सोमवार' करत होता," चाची म्हणाली.

"पुढे ऐक तर," चाचा म्हणाले. पुढे तिने लिहिलं होतं, नव्या ओळी माझ्यापेक्षा साध्या आहेत, त्याच राहू द्या. फक्त एक चूक आहे. झोप चालू असताना कोणी यंत्राचं घड्याळ तासभर मागे केलं, तर यंत्र तासभर जास्त झोपेल. दुरुस्तीच्या दोन ओळी सोबत पाठवत आहे.

माझं तोंड उतरलं. जगभर गेलेल्या माझ्या पहिल्या ओळी, आणि त्यात चूक. चाचांच्या नावाला मी बट्टा लावला असं वाटलं. मी म्हटलं, "माझ्या लक्षातच आलं नाही, चाचा."

"माझ्या पण नाय आलं!" ते हसत होते. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. "अगो, चूक काढली म्हणजे काय? वाचलंय तिने! तिकडे बेटावर बसून तुझी ओळ न् ओळ वाचलीय! मला पंधरा-पंधरा वर्षांत कोणी असं वाचत नाय."

यादीत आता आम्हा दोघींची नावं लागोपाठ आहेत, आधी तिचं, मग माझं. चाचांनी ते तेव्हाच उभ्या उभ्या करून टाकलं. मी कामाला जायचं सोडून पायरीवर बसले आणि कराडला आईला फोन लावला.

"आई, माझ्या लिहिण्यात चूक सापडली."

"अगं मग हसतेस काय एवढी?" आई म्हणाली.